सोलापूरची मालवाहतूक: डिझेल, रिकाम्या फेऱ्या, ई-वे बिल आणि बॅटरीच्या गाड्या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ट्रकमालक, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत डिस्पॅच बघणारे आणि माल भरणारे शेतकरी या तिघांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. नियमांतले आकडे कायद्यातले आहेत. ॲव्हरेज, भाडं आणि दर मात्र हिशेब दाखवण्यापुरते धरलेत. तिथे तुमचे आकडे घालून बघा.

डिझेल वाचवायचं आहे. पहिला पैसा कुठे घालू?

आधी महिनाभर काहीच विकत घेऊ नका. प्रत्येक गाडीला एक वही करा आणि तीन गोष्टी लिहा: भरलेले किलोमीटर, रिकामे किलोमीटर, उभं राहण्याचे तास. ॲव्हरेज काढायचं तर टाकी फुल ते टाकी फुल, शक्यतो एकाच पंपावर. 'हजाराचं टाकलं, इतकं चाललं' हा हिशेब कधीच जुळत नाही.

जीपीएस नसेल तरी पुणे रोडवर वेळ कळते. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी आणि पाटस या टोलांचे फास्टॅगचे मेसेज वेळेसकट येतात. दोन मेसेजमधलं अंतर आणि वेळ बघितली की गाडी कुठे दोन तास उभी होती ते दिसतं. बहुतेक मालकांना महिनाअखेरीस धक्का बसतो तो ॲव्हरेजचा नव्हे, रिकाम्या किलोमीटरचा. इंजिन चालू ठेवून उभी असलेली मोठी गाडी तासाला दीड ते अडीच लिटर जाळते, तेही याच वहीत सापडतं.

परतीचं भाडं मिळेपर्यंत थांबावं की रिकामं यावं?

थांबण्याचाही खर्च असतो. हप्ता, विमा, टॅक्स, ड्रायव्हर-क्लीनरचा पगार यांची बेरीज करून दिवसाचा आकडा काढा. समजा तो ४,५०० रुपये आला. परतीचं भाडं २२,००० आहे, त्यातून दलाली, हमाली-वारई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) आणि भरून येताना रिकाम्यापेक्षा जास्त लागणारं डिझेल वजा केलं आणि १२,००० उरले, तर दोन दिवस थांबणं परवडतं. तिसऱ्या दिवशी ते भाडं फायद्याचं राहत नाही, शिवाय इकडची ठरलेली खेप हातची जाते.

सोलापूरला एक सोय आहे: गाव पुणे–हैदराबाद रस्त्यावर मध्येच येतं आणि राष्ट्रीय महामार्ग ५२ विजयपूरकडे उतरतो. त्यामुळे भिवंडीहून सोलापूरचंच भाडं शोधत बसण्यापेक्षा हैदराबादचं घ्या आणि तिकडून सोलापूर किंवा पुण्याचं उचला. सरळ जाऊन-येऊन करण्यापेक्षा अशा त्रिकोणी फेरीत रिकामे किलोमीटर कमी पडतात. ॲपवरचं भाडं घेताना एकच खबरदारी: उतराईनंतर किती दिवसांत पैसे आणि हाल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) किती तासांनंतर लागू, हे बिल्टीवर (माल पाठवल्याच्या पावतीवर) लिहून घ्या. फोनवरचं बोलणं वसुलीच्या वेळी उपयोगी पडत नाही.

जीपीएस लावलं, तरी डिझेल कमी का भरतंय ते कळत नाही. का?

जीपीएसला गाडी कुठे आहे एवढंच कळतं. टाकीत किती आहे हे कळायला वेगळी सळई, म्हणजे फ्युएल लेव्हल सेन्सर, टाकीत सोडावी लागते. तीही नीट कॅलिब्रेट केली, म्हणजे तिचं रीडिंग मोजलेल्या लिटरशी जुळवून घेतलं, तरच उपयोग.

गाडी सपाट जागेवर उभी करा, टाकी पूर्ण रिकामी करा. मग मोजलेल्या मापाने २०-२० लिटर ओतत जा, प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबून रीडिंग लिहा. ३०० लिटरच्या टाकीला १५ रीडिंग होतात. बसवणारे लोक कंटाळून 'रिकामी' आणि 'फुल' अशी दोनच रीडिंग घेतात. टाकीचे कोपरे गोल असतात, आत पडदे असतात, त्यामुळे मधले आकडे चुकतात आणि मग रोज खोट्या चोरीचे मेसेज येतात.

सळई तळाला टेकवू नका, साधारण दोन सेंटिमीटर वर ठेवा. तळाशी पाणी आणि गाळ साचतो, त्याने रीडिंग भरकटतं. दोन टाक्या असतील तर दोन सळया. गाडी चढावर उभी असताना पातळी एका बाजूला सरकते, म्हणून इशारा 'इंजिन बंद असताना दहा मिनिटांत १५ लिटरपेक्षा जास्त घट' असा लावा. खरा फायदा अनेकदा पंपावर होतो: बिल २०० लिटरचं आणि टाकीत वाढले १८८, हे त्याच वेळी दिसतं. चालत्या इंजिनाच्या रिटर्न लाइनमधून थेंब-थेंब काढलेलं डिझेल मात्र या सेन्सरला सापडत नाही. ते ॲव्हरेजच्या वहीतच सापडेल.

उन्हाळ्यात टायरची हवा कमी ठेवावी का?

नाही. हवा थंड टायरमध्ये, सकाळी गाडी हलण्याआधी तपासायची आणि कंपनीने त्या वजनाला दिलेल्या आकड्याइतकीच ठेवायची. एप्रिलच्या दुपारी धावून आलेल्या टायरचं रीडिंग वाढलेलं दिसणारच. ते बघून हवा सोडली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि नेमका तेव्हाच फुटतो. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरला गेज लावायचा कंटाळा करतात, निम्मी पंक्चरं तिथलीच. रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला) चालेल, पण पुढच्या एक्सलला नको.

बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत डीईएफऐवजी (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाऐवजी) युरिया पाण्यात विरघळवून टाकला तर काय बिघडतं?

सायलेन्सरमधला कॅटलिस्ट (धूर स्वच्छ करणारा भाग) बिघडतो आणि त्याची किंमत वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट असते. डीईएफ म्हणजे शुद्ध युरियाचं ३२.५ टक्के द्रावण, मिनरल काढलेल्या पाण्यात. खताच्या युरियावर आपल्याकडे कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, त्यात बाययुरेट ही अशुद्धी असते, आणि बोअरच्या पाण्यात क्षार. इंजेक्टरच्या तोंडाशी पांढरे खडे जमतात, फवारा बसतो, धुरातला नायट्रोजन ऑक्साइड कमी होत नाही, आणि सेन्सरला ते कळलं की गाडी ताकद कमी करून टाकते. हे नेमकं घाटात होतं.

चांगल्या डीईएफलाही सोलापूरचं ऊन बाधतं. २५ अंशांत साठवलं तर ते साधारण १८ महिने टिकतं, ३० अंशांत वर्षभर, ३५ अंशांत सहा महिने. पत्र्याच्या शेडमध्ये मार्चपासून रचलेल्या बादल्या दिवाळीपर्यंत भरवशाच्या राहत नाहीत. बादलीवरची तारीख बघा, दोन-तीन महिन्यांचाच साठा करा, भिंतीच्या सावलीत ठेवा. डिझेलचं नरसाळं डीईएफला वापरू नका.

वापर डिझेलच्या ४ ते ६ टक्के असतो. १०० लिटर डिझेलमागे दोनच लिटर डीईएफ लागत असेल तर खूश होऊ नका. एकतर इंजेक्टर तुंबला आहे, नाहीतर कोणीतरी सिस्टिमला चकवा देणारा डबा बसवला आहे.

डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा सारखा लागतो. गाडी तर नवी आहे.

गाडी बहुधा गावातल्या गावात फिरते. चिंचोळी एमआयडीसी ते गोडाऊन अशा छोट्या फेऱ्यांत धूर पुरेसा तापत नाही, फिल्टरमधली काजळी जळत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास हायवेवर भरलेली गाडी एका लयीत चालवली की दिवा बहुतेक वेळा जातो.

गाडी उभी ठेवून रिजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळणं) करायची वेळ आली तर मोकळ्या जागी करा. सायलेन्सरमध्ये ५५० ते ६०० अंश तापमान जातं; सुताच्या वेस्टचे ढीग, सुकं गवत, ताडपत्री यांच्याजवळ तर अजिबात नको. न्यूट्रल, हँडब्रेक, बटण, आणि पूर्ण होईपर्यंत बंद करायचं नाही. मध्येच बंद करण्याची सवय असेल तर काही इंजिनांत न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. फिल्टरमधली राख मात्र जळत नाही, ती वर्कशॉपमध्येच साफ होते. ती लवकर भरू नये म्हणून कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच ऑइल घाला.

पासिंगपेक्षा (आरटीओने मंजूर केलेल्या वजनापेक्षा) दोन टन जास्त घेतलं तर प्रति टन डिझेल वाचतंच ना?

कागदावर वाचतं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च. दोन टनांवर २४,००० गेले की महिन्याची बचत संपली. २०१८ मध्ये एक्सलची मर्यादाच वाढवली आहे: चार टायरच्या मागच्या एका एक्सलला १०.२ वरून ११.५ टन, जोड एक्सलला १९ वरून २१ टन. जुन्या आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) जुनाच आकडा असेल तर चालणारा तोच, हे लक्षात ठेवा. एकूण वजन बरोबर असूनही सगळा माल मागे रचला तर एक्सल मर्यादेबाहेर जातो. सिमेंट आणि साखरेच्या पोत्यांत हे फार होतं.

आषाढीला रस्ता वळवला, गाडी अडकली आणि ई-वे बिलाची मुदत संपली. आता?

ई-वे बिल म्हणजे माल नेताना जीएसटीसाठी ऑनलाइन काढायचा कागद. मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, या वेळात पोर्टलवर वाढवून घ्या. सध्या माल ज्याच्या गाडीत आहे त्या ट्रान्सपोर्टरच्या लॉगिनमधून ते होतं. गाडी जिथे उभी आहे तिथला पिनकोड, उरलेलं अंतर आणि कारण लागतं. आठ तास उलटले की वाढत नाही.

साध्या मालाला प्रत्येक २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो. पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो: सोमवारी दुपारी तीनला काढलेलं एका दिवसाचं बिल मंगळवारी रात्री १२ पर्यंत चालतं. वारीच्या दिवसांत मोहोळ, टेंभुर्णी, पंढरपूर पट्ट्यात जड वाहनं वळवतात, तेव्हा बिल आदल्या रात्री काढून ठेवण्यापेक्षा गाडी निघताना काढा. इनव्हॉइस १८० दिवसांपेक्षा जुनं असेल तर १ जानेवारी २०२५ पासून बिल निघतच नाही.

गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर हलण्याआधी बिलाच्या भाग-ब मध्ये (गाडीचा तपशील असतो तिथे) नवा नंबर घाला. गाडीच्या नंबरातला एक-दोन आकडा चुकला तर २०१८ च्या परिपत्रकानुसार केंद्र आणि राज्य मिळून १,००० रुपयांवर निभावतं. बिलच नसेल तर मालाचा मालक पुढे आला तरी कराच्या दुप्पट दंड.

परदेशी ग्राहक टॉवेलच्या कन्साइनमेंटचं 'कार्बन' मागतोय. कसं काढायचं?

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. लिटर माहीत असले की झालं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून न्हावा शेवा ४०० किलोमीटर धरू. ४० फुटी कंटेनरात १२ टन टॉवेल. भरून जाताना ४ चं ॲव्हरेज, म्हणजे १०० लिटर. पण तो डबा आधी तिकडून रिकामा आला, ५ च्या ॲव्हरेजने, ८० लिटर. एकूण १८० लिटर, ४८२ किलो. टन-किलोमीटर झाले १२ गुणिले ४००, म्हणजे ४,८००. उत्तर: टन-किलोमीटरला साधारण १०० ग्रॅम.

रिकामा हेलपाटा गाळून ५६ ग्रॅम दाखवणारे पुष्कळ आहेत. तपासनीस पहिल्यांदा तेच विचारतो. आयएसओ १४०८३ या २०२३ च्या मानकात रिकामी फेरी धरावीच लागते आणि डिझेल तयार करून पंपापर्यंत आणण्याचंही उत्सर्जन धरावं लागतं. त्यासाठी लिटरला साधारण ३.२ किलो घेतलं तर वरचा आकडा १२० होतो. कोणता गुणक घेतला ते कागदावर लिहा. आणि युरोपचा सीमेवरचा कार्बन कर टॉवेलला लागू नाही, तो सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खतं, हायड्रोजन आणि विजेसाठी आहे. त्या नावाने कोणी फी मागत असेल तर देऊ नका.

हा आकडा कमी कसा करायचा?

टॉवेलमध्ये वजनाआधी जागा संपते. ४० फुटी हाय-क्यूब डब्यात कागदावर ७६ घनमीटर असतात, कार्टन रचल्यावर ६५-६८ वापरात येतात. म्हणून गाडी बदलण्याआधी खोका बदला. डब्याची आतली रुंदी साधारण २.३५ मीटर आहे. कार्टनची लांबी-रुंदी त्याला नीट भागत नसेल तर प्रत्येक थरात एक हातभर फट फुकट जाते. प्रेस करून फुगवटा काढला तर त्याच डब्यात एक-दीड टन जास्त बसतो, पण टेरीची लूप (टॉवेलवरचे धाग्यांचे वेढे) दबून राहते अशी तक्रार येऊ शकते. आधी ग्राहकाकडून सॅम्पल पास करून घ्या.

गावातल्या डिलिव्हरीला बॅटरीचा छोटा हत्ती (टाटा एससारखा छोटा टेम्पो) घेतला तर प्रदूषण किती कमी होतं?

कशाने चार्ज करता त्यावर. डिझेलचा छोटा हत्ती १६ च्या ॲव्हरेजने किलोमीटरला साधारण १६८ ग्रॅम सोडतो. टाटा एस ईव्हीसारख्या २१ युनिट बॅटरीच्या गाडीने भरून शंभरेक किलोमीटर केले आणि चार्जिंगमधली गळती धरली तर मीटरवर किलोमीटरला ०.२४ युनिट पडतात. देशाच्या ग्रीडवर एका युनिटमागे साधारण ०.७३ किलो उत्सर्जन आहे, म्हणजे १७५ ग्रॅम. डिझेल तयार करण्याचं उत्सर्जन आणि तारांतली गळती दोन्हीकडे धरली तरी फार मोठा फरक पडत नाही. गावात धूर आणि आवाज कमी होतो, हा फायदा खराच. पण 'शून्य प्रदूषण' असं गाडीवर रंगवण्याआधी शेडच्या पत्र्यावर सोलर बसवा आणि गाडी दुपारी चार्ज करा. सोलापूरला ऊन भरपूर आहे.

पैशांत मात्र सरळ बचत आहे: १० रुपये युनिटने किलोमीटरला २.४०, तर ९० रुपये डिझेलने ५.६०. रोज ७०-८० किलोमीटर ठरलेली फेरी असेल तरच हे जमतं. दिवसाला ३० किलोमीटर धावणाऱ्या गाडीत हप्ताच निघत नाही. घरगुती १५ अँपिअरच्या सॉकेटवर पूर्ण चार्जला सात तास धरा, वायर आणि अर्थिंग नवीन घ्या. ४२ अंशांत उन्हात उभी गाडी आल्या आल्या चार्जला लावू नका. सावलीत अर्धा तास थांबू द्या.

मोठा इलेक्ट्रिक ट्रक मुंबई लाइनला चालेल का?

आज एकट्या मालकाने हा धोका घेऊ नये. ५५ टनी ट्रेलरला किलोमीटरला सव्वा ते दीड युनिट लागतं. ४०० किलोमीटरला ५०० युनिटच्या वर, आणि परतताना खोपोलीचा चढ. वाटेत एक-दोनदा मोठ्या चार्जरवर तासाच्या वर थांबणं आलं. याउलट कारखाना ते रेल्वे मालधक्का, रोज तीच ५०-६० किलोमीटरची फेरी आणि दोन्हीकडे तुमचीच जागा, अशा कामाला तो आत्ताही बसतो. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत जुलै २०२५ पासून ई-ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाख रुपये सवलत आहे, पण जुना ट्रक अधिकृत केंद्रात भंगारात दिल्याचं प्रमाणपत्र लागतं.

रेल्वेने पाठवलं तर?

दहा टनांचा विचार असेल तर मालगाडी विसरा. बंद वाघिणींची पूर्ण रेक (जोडलेल्या डब्यांची रांग) वाघिणीच्या प्रकारानुसार ४२ ते ५८ डब्यांची, डब्याला साठेक टन. मिनी रेकही २० डब्यांची. साखर, सिमेंट, खत यांचं ते काम. त्यातही ठरलेल्या वेळेत रेक खाली झाली नाही तर डब्यागणिक, तासागणिक डेमरेज (उशिराचा दंड) चढतं, आणि धक्क्यावर माल राहिला तर व्हार्फेज (धक्क्याचं भाडं) वेगळं. हमाल आणि ट्रक आधी ठरले नसतील तर स्वस्त भाडं तिथेच संपतं.

लहान मालाला पार्सल व्हॅन आहे, साधारण २३ टनांची. किसान रेल ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला सुरू झाली आणि शंभरावी २८ डिसेंबर २०२० ला आपल्याच सांगोल्याहून शालिमारला सुटली. तेव्हा फळं-भाज्यांच्या भाड्यात ५० टक्के सवलत होती. आज गणित मांडताना ती धरू नका. चालू दर पार्सल ऑफिसातून घ्या. सातशे-आठशे किलोमीटरच्या आत रेल्वे क्वचितच परवडते, कारण माल दोनदा जास्त हाताळला जातो.

डाळिंब, केळी, द्राक्षं एकाच रीफरमध्ये (थंड डब्यात) भरता येतील?

नाही. डाळिंबाला ५ ते ७ अंश, करमाळा-कंदरकडच्या केळीला १३ ते १४, द्राक्षाला शून्याच्या आसपास लागतं. डाळिंबाच्या तापमानात केळीची साल राखाडी पडते आणि ती नंतर नीट पिकत नाही.

रीफर मालाला थंड करत नाही, थंड माल थंड ठेवतो. ३५ अंशांचं डाळिंब थेट डब्यात भरलं तर न्हावा शेवा येईपर्यंत मधल्या खोक्यांना गारवा पोचलेलाही नसतो. आधी प्री-कूलिंग (भरण्याआधी माल थंड करणं), मग सुईच्या थर्मामीटरने फळाच्या गरातलं तापमान बघून भरणं. भरताना मशीन बंद ठेवा. दार उघडं आणि मशीन चालू असेल तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाऊन कॉइलवर बर्फ धरतो. आतल्या लाल रेषेच्या वर खोका नको. जमिनीवरच्या पट्ट्यांचा जो भाग मालाने झाकला नाही, तो पुठ्ठ्याने झाका, नाहीतर सगळी हवा तिथूनच पळते. डेटा लॉगर पुढे ठेवला तर रीडिंग सुंदर येतं. तो दाराजवळ, मधल्या उंचीवर ठेवा. सगळ्यात गरम जागा तीच. रीफरच्या जनसेटला (वीज पुरवणाऱ्या डिझेल जनरेटरला) तासाला तीनेक लिटर धरून टाकी भरूनच निघा.

कांद्याला रीफर लागतो का?

लागत नाही, वारा लागतो. मार्केट यार्डातून दूर जाणाऱ्या गाडीत घाम धरून कांदा सडतो तो ताडपत्री चहूबाजूंनी आवळल्यामुळे. पाऊस नसेल तर बाजूच्या कडा वर गुंडाळा, पुढून वारा शिरेल अशी फट ठेवा. पावसात भिजलेली गोणी वरच्या थरात ठेवा, खाली दाबू नका. जाळीच्या गोणीत तागापेक्षा हवा चांगली खेळते, पण हूक लावला की फाटते. हमालांना आधीच सांगा.

गाळपात उसाच्या गाड्या कारखान्यावर तासन्‌तास उभ्या राहतात. तंत्रज्ञानाने काही होतं?

होतं, पण तोडीपासून सुरुवात केली तर. मोबाइलवर टोकन देऊन उपयोग नाही, जर तोड गव्हाणीच्या (कारखान्यात ऊस गाळपाला टाकतात त्या जागेच्या) वेगापेक्षा जास्त दिली असेल. चिटबॉयच्या (तोडीची नोंद करणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या) स्लिपवर तोडीची वेळ टाका, काट्यावर आवक वेळ आपोआप पडतेच. दोन्हींतलं अंतर रोज गटवार लावा. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळायला हवा, त्यापुढे वजन आणि साखर दोन्ही घटतात, म्हणजे तेवढ्याच साखरेसाठी जास्त डिझेल जळलेलं असतं. नंबरात उभ्या ट्रॅक्टरचं इंजिन बंद ठेवायचं तर बॅटरी चांगली हवी. स्टार्टर नीट लागत नाही म्हणूनच बरेच ड्रायव्हर रात्रभर इंजिन चालू ठेवतात. आणि ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर टेप लावताना तो उसाच्या लोंबत्या वाढ्यांखाली झाकला जाणार नाही इतक्या खाली, चेसिसच्या आडव्या पट्टीवर चिकटवा.